तालुका केमिस्ट संघटना : सभासद फी कशात वसूल होते?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मेडिकलमध्ये गल्ल्याच्या मागे लायसन्सची फ्रेम असते आणि तिच्या शेजारी संघटनेचं कॅलेंडर. फी भरायची, कॅलेंडर न्यायचं, बंद पुकारला की शटर ओढायचं, इतकाच अनेकांचा संघटनेशी संबंध. तिची खरी किंमत कळते ती डीआय (सरकारी ड्रग इन्स्पेक्टर) दुकानातून औषधाचा नमुना घेऊन जातो त्या दिवशी.

नमुना घेताना इन्स्पेक्टर फॉर्म १७ देतो, मालाची किंमत देऊ करतो आणि नमुन्याचे सीलबंद भाग करून त्यातला एक दुकानदाराकडे ठेवतो. तो भाग बहुधा कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये जातो आणि सहा महिन्यांनी सापडत नाही. पुढे प्रयोगशाळेचा ‘प्रमाणित दर्जाचा नाही’ असा अहवाल आला, की घड्याळ सुरू होतं. अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत ‘आम्ही याविरुद्ध पुरावा देणार आहोत’ असं लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं, तर १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. नंतर कितीही मोठा वकील लावा, ही चूक भरून काढणं अवघड.

दुकानदाराचा बचाव कलम १९ मध्ये आहे: माल लायसन्सधारकाकडूनच घेतला, दोष असल्याचं वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखं नव्हतं, आणि आपल्याकडे तो नीट ठेवला होता. ऐकायला सोपं, सिद्ध करायला बिल लागतं, आणि बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपवरच्या नंबराशी जुळावा लागतो. घोळ इथेच होतो. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून शेजारच्या मेडिकलमधून चिठ्ठीवर आणलेल्या दोन स्ट्रिपा कुठल्याच बिलात नसतात. स्टॉकिस्टने (घाऊक विक्रेत्याने) घाईत एका बॅचऐवजी दुसरी टाकलेली असते आणि माल लावताना कोणी पडताळलेलं नसतं. ‘नीट ठेवला होता’ याचंही तसंच. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण खानापूरकडे पावसाळ्यात लाईट गेली की फ्रीजमध्ये किती तापमान होतं, हे वहीत लिहिलेलं नसेल तर सांगणार कशाच्या आधारावर? फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं इन्सुलिन तर टाकूनच द्यायचं. वितळल्यावर ते चांगलं दिसतं म्हणून विकलं, की तक्रार आलीच म्हणा.

चांगल्या संघटनेत अशा वेळी एक जुना जाणकार असतो, जो फोन ठेवायच्या आत विचारतो, ‘अहवाल हातात कधी पडला, तारीख सांगा.’ वाईट संघटनेत ‘बघू, साहेबांशी बोलतो’ म्हणतात आणि त्यातच २८ दिवस उलटतात.

सीमाभागातली दुसरी अडचण कागदांच्या भाषेची आणि राज्याची. नोटीस कन्नडमध्ये येते. मराठी शाळेत शिकलेल्या दुकानदाराला ती नीट वाचून देणं, उत्तराचा मसुदा करून देणं, ही फीच्या मोबदल्यात मिळायलाच हवी अशी सेवा आहे. बोर्डावर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, त्याची मापंही आधी सांगावीत, पेंटरचे पैसे दोनदा जाऊ नयेत. फार्मासिस्टचा प्रश्न याहून नाजूक. कोल्हापूर-गडहिंग्लजकडे डी. फार्म. करून महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी झालेला मुलगा इथे नोकरीला लावायचा, तर त्याची कर्नाटकच्या कौन्सिलमध्ये नोंद लागते. ती झालेली नसताना नाव कळवलं, तर तपासणीत दुकानात ‘फार्मासिस्ट नाही’ असाच शेरा पडतो. फार्मासिस्ट बदलला तर महिन्याच्या आत कळवायचं असतं. आणि वडिलांच्या नावचं लायसन्स वडील गेल्यावर आपोआप मुलाचं होत नाही: मालकी बदलल्यावर जुनं जास्तीत जास्त ३ महिने चालतं, तेवढ्यात नवीन घ्यावं लागतं. दुखवट्याच्या घरात ही गोष्ट सांगायला संघटनेचं माणूस गेलं पाहिजे. कोणी जात नाही.

एक्सपायरीच्या कामाला मध्यम गुण. मुदत संपलेला माल परत देऊन पैसे मागायचा क्लेम स्टॉकिस्ट ठरावीक मुदतीनंतर घेत नाहीत, कापलेल्या स्ट्रिपवर बॅच आणि तारीख उरली नसेल तर बिलकूल नाही. कोल्हापूरच्या स्टॉकिस्टचा माल असेल तर आयजीएसटीची (परराज्यातल्या मालावरच्या जीएसटीची) क्रेडिट नोट, तिचा पाठपुरावा वेगळा. महिन्यातून एक दिवस ठरवून सगळ्या मेडिकलचा एक्सपायरी माल एकत्र द्यायची पद्धत जिथे आहे, तिथे क्लेम निघतात. जिथे नाही, तिथे खोकी माळ्यावर साठतात. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कंपन्यांच्या नव्या दरयाद्या वेळेत वाटणं हेच संघटनेचं मुख्य काम होतं. जुन्या एमआरपीची स्ट्रिप नव्या दराने विकायची, हे गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदाराला कळायला हवं.

आता जिथे फी देऊ नये ते. नवा स्टॉकिस्ट नेमायला संघटनेची एनओसी हवी, एमआरपीवर सूट द्यायची नाही, अमुक कंपनीचा माल उचलायचा नाही, असले फतवे अजूनही कानावर येतात. एमआरपी ही कमाल किंमत, तिच्याखाली विकायला कोणाची परवानगी लागत नाही. एनओसीच्या सक्तीवरून स्पर्धा आयोगाने देशभरातल्या केमिस्ट संघटनांना पूर्वीच दोषी ठरवलं आहे. इंग्लंडमध्ये मेडिकलवाल्यांच्या स्थानिक समितीला कायद्याची मान्यता असते, वर्गणी दुकानांच्या सरकारी बिलातून कापली जाते. आपल्याकडची संघटना म्हणजे स्वेच्छेने जमलेली माणसं. लायसन्स देणं-काढणं तिच्या हातात नाही.

तरी कोणी एनओसीचे पैसे मागितलेच, तर पावतीवर ‘एनओसीसाठी’ असं लिहून मागा. लिहून कोणी देत नाही.