घरच्या गॅरेजसाठी पायपंपाची बाइक लिफ्ट: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 आणि क्लासिक 350 या दोन बाइक आणि घरातली अ‍ॅक्टिव्हा, या तिन्ही गाड्यांची कामं गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून एकाच लिफ्टवर होताहेत. लिफ्ट सिझर पद्धतीची, म्हणजे कात्रीसारख्या हातांवर टेबल उचलणारी, पायाने पंप मारायची, हायड्रॉलिक. टेबल 2.2 मीटर लांब, 70 सेंटिमीटर रुंद. खाली बसल्यावर उंची 18 सेंटिमीटरच्या आसपास, पूर्ण वर गेल्यावर 80. अशी लिफ्ट आपल्याकडे बरेच लहान कारखाने जवळपास एकाच नमुन्याची बनवतात, म्हणून कंपनीपेक्षा रचनेबद्दलच लिहितो.

घरी काम करणाऱ्याने ही घ्यावीच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण विकणारा ज्या आकड्यावर भर देतो, तो म्हणजे किती किलो उचलते, त्यावर निवड करू नका. हिमालयन 199 किलोची, क्लासिक 195 ची, सुपर मिटिऑर 650 सारखी वजनदार गाडीही 241 किलोच. 350 किलोची कोणतीही बरी लिफ्ट एवढं आरामात पेलते. घरात लिफ्टची अडचण होते ती जागा, लॉक, मागची निघणारी प्लेट आणि गाडी बांधायची सोय यांवरून.

आधी जागा. टेबल 2.2 मीटर, त्याला जोडलेला रॅम्प 70 सेंटिमीटर आणि गाडी सरळ रेषेत आणायला मागे गाडीच्या लांबीइतकी, म्हणजे दोन मीटरच्या वर मोकळी जागा. एकूण पाच मीटर धरा. वळवून चढवायला गेलात तर पुढचं चाक रॅम्पवर तिरकं येतं आणि मागचं चाक टेबलाच्या कडेवरून घसरतं. दोन्ही बाजूंना निदान 75 सेंटिमीटर सोडा, नाहीतर स्टुलावर बसून चेनचं काम करताना पाठ भिंतीला लागते. आणि छत मोजा, तेही तुळईच्या खालच्या बाजूपासून. हिमालयनची उंची काचेसकट 1.36 मीटर. ती 80 सेंटिमीटर वर नेली की 2.16 मीटर होतात, म्हणजे सात फुटांच्या थोडं वर. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तुळईखाली बऱ्याच ठिकाणी जेमतेम एवढंच राहतं, त्यात ट्यूबलाइट किंवा ड्रेनेजचा पाइप आडवा आला की संपलं.

जमीन कशी आहे, हे त्याहून महत्त्वाचं. लिफ्टचं स्वतःचं वजन दीडशे किलोच्या घरात, वर दोनशेची गाडी, शिवाय टेबलावर टेकलेले आपण. हे सगळं तळाच्या फ्रेमच्या चार कोपऱ्यांवर येतं. सिमेंटचा कोबा पक्का असेल तर काही प्रश्न नाही. पेव्हर ब्लॉकवर एखादा कोपरा खचतोच. वाळूवर टाकलेली शहाबादी फरशी पोकळ वाजत असेल तर तडकते. बंगल्याच्या पार्किंगखाली पाण्याची टाकी असेल तर तिच्या स्लॅबवर लिफ्ट ठेवू नका आणि तिथे अँकर बोल्टसाठी भोक तर अजिबात पाडू नका. सोसायटीत बोल्ट मारायच्या आधी लेखी परवानगी घ्या. बोल्ट न मारताही लिफ्ट उभी राहते, पण पाना जोरात ओढला की फ्रेम सरकते.

पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेला असतो, तो लिफ्टला चालत नाही. गवंड्याची लेव्हल पट्टी टेबलावर आडवी-उभी ठेवा आणि फ्रेमखाली लोखंडी पट्ट्यांचे तुकडे सारून टेबल समपातळीत आणा. लाकडाचे तुकडे नकोत, पावसाळ्यात फुगतात आणि नंतर दबतात. टेबल तिरकं राहिलं तर हिमालयनच्या इंजिनाच्या काचेतली ऑइलची पातळीही चुकीची दिसते.

आता खरेदी. कोटेशन मागताना लिफ्टचं स्वतःचं वजन विचारा. दोन लिफ्टवर सारखाच 500 किलोचा शिक्का असतो आणि एक 110 किलोची, दुसरी 160 ची निघते. मधले 50 किलो पत्र्यात, पिनांत आणि फ्रेमच्या चॅनेलमध्ये असतात. टेबलाचा चेकर प्लेटचा, म्हणजे उठावाच्या नक्षीचा, पत्रा 3 मिलिमीटरच्या खाली नको, कारण गाडी डबल स्टँडवर लावली की जवळजवळ सगळा भार स्टँडच्या दोन लहानशा पायांवर येतो आणि पातळ पत्र्याला तिथे खड्डा पडतो. 3 मिलिमीटरच्या पत्र्यावरही स्टँडखाली 12 मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा टाकलेला बरा.

सिझर लिफ्टला सगळ्यात जास्त जोर तळाशी लागतो. खाली बसलेली असताना तिचे हात जवळजवळ आडवे असतात आणि सिलिंडरच्या रेट्याचा थोडाच भाग वर उचलण्याच्या कामी येतो. म्हणून पहिले काही पंप जड जातात, पुढे पाय हलका होतो. ट्रायल घेताना रिकामी लिफ्ट वर-खाली करून काहीच कळत नाही. आपली गाडी चढवून अगदी तळापासून उचलून बघा. तळाशी पंप अडखळत असेल किंवा टेबल एका बाजूने आधी उठत असेल तर ती लिफ्ट सोडून द्या.

माल ट्रान्सपोर्टने येतो, बहुतेक वेळा गोदामापर्यंतच. तिथून छोटा हत्ती आणि उतरवायला चार माणसं लागतात. बिल्टीवर सही करण्याआधी पॅकिंग फोडून रॅम्पचे हूक, पंपाचं पॅडल आणि सिलिंडरचा चकचकीत दांडा बघा. दांड्यावर ओरखडा असेल तर तो बिल्टीवरच लिहून घ्या, कारण त्याच ओरखड्याने पुढे तेल अडवणारं रबरी सील फाटतं.

वापरातलं पहिलं काम, गाडी चढवणं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, आपण डाव्या बाजूला, उजवा हात पुढच्या ब्रेकवर. टेबल रुंद असल्यामुळे गाडी वर जात असताना आपण खाली जमिनीवर असतो आणि हँडल छातीशी येतं. उंची कमी असेल तर डाव्या बाजूला 15 सेंटिमीटर उंचीची पक्की फळी लावून तिच्यावरून चाला. गाडी चालू करून पहिल्या गिअरवर चढवतात तशी घरी चढवू नका. पुढचं चाक व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या पुढच्या टोकाला चाक पकडणाऱ्या जबड्यात, बसायच्या ऐन वेळी क्लच सुटला तर गाडी टेबलाबाहेर जाते. पावसाळ्यात ओल्या टायरने रंगवलेली चेकर प्लेट साबणासारखी होते. चिखल धुवा, टायर पुसा, मगच चढवा. रॅम्पवर आणि टेबलाच्या मधल्या पट्ट्यावर खरखरीत ग्रिप टेप चिकटवली की हा त्रास बराच कमी होतो.

पुढच्या व्हाइसवर फार विसंबू नका. तो चाक धरतो, गाडी नाही. चाक घट्ट आणि शॉकअप मोकळे, अशा अवस्थेत गाडी वरून डुलते. दोन रॅचेट बेल्ट फोर्कचे पाइप पकडणाऱ्या खालच्या टीला कापडी लूप घालून पुढे आणि खाली, दोन्ही बाजूंना सारखे ताणा. शॉकअप थोडे दबले की पुरे. हँडलला बेल्ट लावायचा मोह टाळा, हँडल फिरतं आणि एक बेल्ट सैल पडतो. अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक 12 इंची असल्यामुळे व्हाइसचा उंच जबडा मडगार्डला लागतो. तिला डबल स्टँडवर घेऊन मागे ग्रॅब रेलला बेल्ट लावणं सोपं जातं. घट्ट बसलेले बोल्ट, विशेषतः मागच्या एक्सलचा नट, टेबल खाली असतानाच सैल करून घ्या. वर गेल्यावर लांब दांडीचा पाना आडवा ओढला की तो सगळा जोर गाडी पाडण्याच्या दिशेने लागतो.

मागचं चाक काढायला टेबलाच्या मागच्या टोकाची प्लेट निघणारी हवी. ती काढली की चाक सरळ खाली उतरतं, मडगार्ड खोलायची गरज नाही. गाडी डबल स्टँडवर, पुढे दोन्ही बेल्ट, मग एक्सल. पुढचं चाक काढताना मात्र सगळं उलटं होतं: व्हाइस सोडावाच लागतो आणि गाडी नाकावर येते. आधी मागचा भाग दोन बेल्टनी टेबलाला खाली ओढून बांधा, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून छोटा जॅक हलकेच टेकवा, आणि मगच व्हाइस उघडा. ड्यूकसारख्या डबल स्टँड नसलेल्या गाडीला मागे पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड, लागतो, म्हणून स्टँडसकट गाडी टेबलावर बसेल एवढी रुंदी आहे का, हे घेण्याआधी बघा.

लॉकबद्दल कसलीही तडजोड नको. तेलावर तोललेल्या टेबलाखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. दात्यांच्या पट्टीत खटका पडेपर्यंत वर न्या, मग रिलीज, म्हणजे टेबल खाली आणायचा व्हॉल्व्ह, हळूच उघडून टेबल लॉकवर बसू द्या, म्हणजे भार लोखंडावर येतो आणि सिलिंडर मोकळा होतो. लॉक दोन्ही बाजूंना एकदम पडतो की एकाच, हे खाली वाकून बघा. एका बाजूला बसला आणि दुसऱ्या बाजूला राहिला तर टेबल पिळतं. उतरवताना आधी एक-दोन पंप मारून लॉक मोकळा करा, खटका ओढा, खाली मूल, मांजर, पाना काही नाही याची खात्री करा आणि रिलीज पाव फेरा उघडा. काम नसताना पॅडल काढून घरात ठेवा.

काही आठवड्यांनी आमच्या लिफ्टमध्ये एक दोष दिसू लागला: लॉक न लावता वर ठेवलं तर टेबल सकाळपर्यंत दोन-तीन इंच खाली येत असे. अशा वेळी आधी सिलिंडरचा दांडा पुसून बघा. दांड्यावर किंवा तोंडाशी तेल असेल तर सील गेलंय. बाहेर सगळं कोरडं असेल तर तेल पंपाच्या आतच टाकीत परत जातंय, आणि तेव्हा बहुतेक वेळा रिलीज व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचरा अडकलेला असतो. नव्या पंपात मशिनिंगचा बारीक कीस राहून गेलेला असतो, तोच इथे येऊन बसतो. टेबल पूर्ण खाली आणा, रिलीज पूर्ण उघडा, 10–15 पंप भराभर मारा. कचरा तेलाबरोबर टाकीत वाहून जातो. तेवढ्यावर भागलं नाही तर रिलीजचा स्क्रू काढा, आतली स्टीलची गोळी चुंबकाने उचला, गोळी आणि तिची बैठक (गोळी बसते ती जागा) रॉकेलने धुवा, कापडाचा धागा आत राहू देऊ नका. गोळी परत ठेवून पितळी दांडीने एकदा हलकीशी ठोका, म्हणजे बैठक नीट बसते. आमच्याकडे एवढ्यावर काम झालं.

याच निमित्ताने तेलही बदलून टाका. हायड्रॉलिक ऑइल, ग्रेड 32 किंवा 46, सिलिंडरचा दांडा पूर्ण आत असतानाच खुणेपर्यंत भरा. टेबल वर असताना भरलं तर खाली येताना तेल झाकणातून बाहेर येतं. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. हायड्रॉलिक पंपातली रबराची सीलं त्यात फुगतात आणि पंप जाम होतो. भरल्यावर हवा काढावी लागते: रिलीज उघडा ठेवून दहा-बारा पंप, मग बंद करून वर. टेबल पूर्ण उंचीला जात नसेल तर तेल कमी आहे, आणि पंप स्पंजासारखा लागत असेल तर हवा राहिली आहे.

पावसाळ्यात गंज धरला तो रॅम्पच्या हुकांना आणि टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे रंग पातळ होता. तिथे घासून रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल मारलं. लिफ्ट नेहमी खाली बसवून ठेवावी, म्हणजे दांडा सिलिंडरच्या आत तेलात राहतो. बाहेर उघडा राहिला तर दमट हवेत क्रोमवर टिपके पडतात आणि ते टिपके सील खातात. पिनांना एमपी-3 ग्रीस महिन्यातून एकदा. जिथे ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) नाही तिथे पिन काढून लावा, वरून फासलेलं आत जात नाही. पहिल्या महिन्यात सगळे नट आणि सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) पुन्हा तपासा.

मोटरवाली लिफ्ट घरासाठी गरजेची वाटत नाही. दिवसाला दहा गाड्या चढवणाऱ्या गॅरेजला ती हवी. घरी दोन मिनिटं पंप मारून भागतं, आणि वीज गेली की अडून बसायला नको. घ्यायचीच तर हाताने खाली आणायचा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. हवेवर चालणारीला कॉम्प्रेसर लागतो आणि पावसाळ्यात त्याच्या टाकीतलं पाणी रोज काढावं लागतं. इंजिनाखाली लावायची छोटी सिझर जॅक स्वस्त आणि कमी जागेची, पण गाडीला खाली सपाट फ्रेम लागते. स्प्लेंडरला ती जमते. इंजिनाखालून सायलेन्सर नेलेल्या गाड्यांना आणि स्कूटरला जमत नाही.

बंद पडलेल्या गॅरेजमधली जुनी लिफ्ट मिळत असेल तर पिनांच्या ठिकाणी टेबल हाताने हलवून बघा. बोटभर हाललं तर बुश, म्हणजे पिनांभोवतीच्या नळ्या, झिजल्यात. वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी भेग दिसली तर भाव कितीही पडो, घेऊ नका. आणि नवी असो वा जुनी, सील किट त्याच दिवशी सोबत मागून घ्या, मापं प्रत्येक कारखान्याची वेगळी असतात.