हॉस्टेलला नवीन आलेल्यांनो, वायफाय आणि लाँड्रीच्या नावाखाली काय चाललंय ते वाचा

नवीन ऍडमिशन सुरू झाल्या की हे परत होणार याची मला खात्री आहे, म्हणून लिहितेय. माझे पैसे गेले, रूममेटचे गेले, शेजारच्या खोलीतल्या दोघींचे गेले आणि मजल्यावर अजून कितीजणींचे गेले ते कळायला मार्ग नाही कारण बऱ्याचजणी बोलतच नाहीत. पैशापेक्षा मोठं नुकसान मागून समोर आलं, तेव्हा प्लीज शेवटपर्यंत वाचा. युनिव्हर्सिटीचं नाव देत नाहीये, तक्रार चालू आहे आणि तसंही हा प्रकार कुठल्याही हॉस्टेलला होऊ शकतो.

सगळं सुरू झालं ते ग्रुपपासून. ऍडमिशन कन्फर्म झाली होती, खोली मिळायची होती, तेवढ्यात आमच्या हॉस्टेलच्या नावाने एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. डीपीला हॉस्टेलचा फोटो, वर युनिव्हर्सिटीचा लोगो, ॲडमिन एक सिनियर ताई, मी पण इथेच राहते म्हणायच्या. लिंक पहिल्यांदा कोणी पाठवली ते आजही कोणाला सांगता येत नाही, हिने तिला पाठवली, तिने आणखी कोणाला. आणि हे मुद्दाम सांगतेय की सुरुवातीला कितीतरी दिवस त्या ग्रुपवर एकही चुकीची गोष्ट आली नाही. बेडशीट कुठल्या मापाची आणायची, कुठल्या कागदांच्या झेरॉक्स लागतात, खोलीत काय वापरायला परवानगी नाही, पार्सलवर पत्ता कसा लिहायचा, सगळं बरोबर. ऑफिसला मेल केला तर उत्तर यायला वेळ लागायचा आणि ताई रात्री उशिरासुद्धा लगेच रिप्लाय द्यायच्या. एक मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार म्हणून फार घाबरली होती तर तिला फोन करून धीर दिला, "अगं काळजी नको करूस, मी आहे ना इथे." असं कोणी आपुलकीने बोललं तर विश्वास बसणारच, त्यात कोणाचाच दोष नाही.

खोल्या ताब्यात मिळायच्या आठवड्यात मेसेज आला, हॉल सर्व्हिसेस रजिस्ट्रेशन. वायफाय ॲक्टिव्हेशन, लाँड्री कार्ड आणि पार्सल लॉकर, सगळ्याचा मिळून एकच फॉर्म, एकदाच भरायची छोटीशी रक्कम, आत्ता केलं तर खोलीत गेल्या गेल्या सगळं चालू मिळेल, नंतर केलं तर रांगेत उभं राहायचं. खाली लगेच तीन-चार नंबरांवरून "डन ताई", "झालं माझं, थँक्यू" असे रिप्लाय. ते नंबर आमच्या बॅचमधले नव्हतेच, पण तेव्हा कोण कोणाला ओळखत होतं? आणि त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीकडूनही खरोखर रोज काहीतरी येत होतं, डिपॉझिट भरा, आयकार्डचा फोटो अपलोड करा, मेडिकलचा फॉर्म भरा, खोलीचे नियम वाचून सही करा. दुधात पाणी मिसळावं तसा तो एक मेसेज त्या खऱ्या मेसेजेसमध्ये मिसळून गेला. जुन्या विद्यार्थ्याला असा मेसेज आला तर तो लगेच म्हणेल की असलं काही नसतं. नवीन माणसाला काय असतं आणि काय नसतं हेच माहीत नसतं आणि हे लोक नेमकं त्याच आठवड्यात येतात.

आता तो फॉर्म कसा होता ते नीट सांगते. लिंक दाबली की युनिव्हर्सिटीच्या लॉगिनसारखंच पान, तोच रंग, तोच लोगो, खाली पासवर्ड विसरलात का वगैरे सगळं. वर ॲड्रेसमध्ये युनिव्हर्सिटीचं नाव होतं, पण सुरुवातीला. त्याच्या पुढे टिंब, मग हॉल सर्व्हिस असलं काहीतरी, मग डॉट कॉम. इथेच खरी गोम आहे. वेबसाइट कोणाची ते सुरुवातीच्या शब्दावरून ठरत नाही. एचटीटीपीएसच्या दोन तिरक्या रेघा सोडून जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे नाव असतं ते मालकाचं. त्याच्या डावीकडे मालक वाट्टेल ते लिहू शकतो, तुमच्या युनिव्हर्सिटीचं नावसुद्धा. फोनवर तर ॲड्रेस अर्धाच दिसतो, मग तर बोलायलाच नको. आणि कुलपाचं चिन्ह होतं का, तर होतं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये कोणी वाचू शकत नाही, समोरची साइट चोराची आहे का ते कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट 2015 च्या शेवटापासून कोणालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळतं.

युजरनेम-पासवर्ड टाकल्यावर पुढच्या पानावर फोनवर आलेला कोड मागितला, आणि कोड खरोखर आला, युनिव्हर्सिटीकडूनच आला. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली. प्रत्यक्षात काय चाललेलं तर आपण इकडे पासवर्ड टाकला की ते तिकडे तोच पासवर्ड खऱ्या साइटवर टाकत होते, म्हणून खरी साइट आपल्याला खरा कोड पाठवत होती, आणि आपण तो कोड त्यांच्या पानावर टाकला की ते आत. म्हणजे कोड आला म्हणून पान खरं असं अजिबात नाही. मग शेवटी पेमेंट, आणि पैसे युनिव्हर्सिटीच्या नावावर न जाता एका माणसाच्या नावावर जात होते. रूममेटने ग्रुपवर विचारलं सुद्धा की ताई हे नाव कोणाचं. उत्तर आलं, "अगं हॉस्टेलचे अकाउंटंट सर आहेत, या आठवड्यात गेटवे बंद आहे म्हणून." आणि पाठोपाठ दोन-तीन नंबरांवरून "हो माझं पण तिथेच गेलं." पैसे गेले. पावती पण आली, शिक्क्यासकट.

खोलीवर पोचल्यावर मी खालच्या ऑफिसात किल्ली घ्यायला गेले तेव्हा सहज म्हणलं की वायफायचं रजिस्ट्रेशन केलंय, लाँड्री कार्ड कुठे मिळेल. काउंटरवरच्या काकूंनी विचारलं कसलं कार्ड. वायफायला पैसे लागतच नाहीत, तुझं युनिव्हर्सिटीचं लॉगिन टाक आणि जोड. आमच्या हॉस्टेलला एज्युरोम नावाचं वायफाय आहे, तुमच्याकडेही बहुतेक असेल कारण ते आता शंभराहून जास्त देशांत आहे. हे 2002-03 च्या सुमाराला युरोपातल्या युनिव्हर्सिटींच्या नेटवर्कवाल्यांनी सुरू केलं, कल्पना अशी की आपल्या युनिव्हर्सिटीचंच लॉगिन घेऊन दुसऱ्या कुठल्याही युनिव्हर्सिटीत गेलं तरी वायफाय चालावं, आणि विद्यार्थ्याला त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. म्हणजे एज्युरोम ॲक्टिव्हेट करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तो चोर आहे, विषय संपला. लाँड्रीचंही तसंच, आमच्याकडे कार्ड नाहीच, मशीन चालू करायची ॲप आहे. पार्सलला फक्त आयकार्ड दाखवायचं. म्हणजे जे आपल्याला फीमध्ये आधीच मिळालंय तेच आपल्याला परत विकलं होतं.

वायफायवरून अजून एक, कारण त्या ग्रुपवर हेही सांगितलं होतं आणि वाईट हे की कधीकधी खरे सिनियरसुद्धा हे सांगतात. जोडताना सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर "डोंट व्हॅलिडेट" निवडा, लगेच जोडलं जातं. नका करू. ते सर्टिफिकेट बघूनच तुमच्या फोनला कळतं की समोर आपल्या युनिव्हर्सिटीचा सर्व्हर आहे, कोणीतरी त्याच नावाने चालू केलेलं खोटं वायफाय नाही. म्हणूनच अँड्रॉइड 11 च्या डिसेंबर 2020 च्या अपडेटपासून तो पर्याय काढायला सुरुवात झाली. जोडायला अडचण आली तर आयटीच्या हेल्पडेस्कला फोन घेऊन जा, युनिव्हर्सिटीच्या साइटवर सेटिंग करून देणारी फाइल किंवा ॲप असते, तेच वापरा.

नंतर दोन दिवसांनी लाँड्रीच्या खोलीत जे दिसलं ते कधी विसरणार नाही. मशीनच्या बाजूला क्यूआर कोड असतो, स्कॅन केला की ॲप उघडतं. माझ्या पुढची मुलगी स्कॅन करत होती आणि तिच्या फोनवर तेच लॉगिनचं पान उघडलं, तोच रंग, तोच लोगो. मी तिला म्हणलं थांब, काही टाकू नकोस. मग आम्ही तो कोड जवळून बघितला. बाकी मशीनवरचे कोड प्लास्टिकच्या पाटीवर छापलेले होते आणि हा कागदी स्टिकर होता, चकचकीत, एका कोपऱ्याला ओलीमुळे किंचित फुगलेला. नख घातलं तर अख्खा सोलून हातात आला आणि खाली खरा कोड जसाच्या तसा. बरोब्बर त्याच मापाचा कापलेला होता, म्हणजे कोणीतरी आत येऊन मोजून गेलं होतं. क्यूआर कोड 1994 मध्ये गाड्यांच्या कारखान्यात सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला गेला, त्यात फक्त मजकूर असतो, आणि डोळ्याने बघून त्यात कुठली लिंक आहे ते कोणालाही कळत नाही. म्हणून स्कॅन करायच्या आधी बोट फिरवून बघा, चिकटवलेलं लागतंय का. सगळ्यात चांगलं म्हणजे ॲप एकदाच फोनच्या स्टोअरमधून घ्या आणि मशीनवरचा कोड त्या ॲपच्या आतूनच स्कॅन करा. तो स्टिकर आम्ही फेकला नाही, पाकिटात घालून ऑफिसला दिला.

आता मोठ्या नुकसानीबद्दल. आम्हाला वाटलं रक्कम लहान होती, गेली तर गेली. पासवर्ड बदलला आणि विषय सोडून दिला. मग रूममेटचे स्कॉलरशिपचे पैसे येणार होते ते आलेच नाहीत. फायनान्स ऑफिसला विचारलं तर ते म्हणाले जमा झालेत, आणि दाखवलं तर पोर्टलवर तिच्या बँक खात्याचा नंबरच बदललेला. तिने तो कधी बदललाच नव्हता. असा बदल केला की युनिव्हर्सिटी मेल पाठवते, तो मेल पण तिला दिसला नाही. आयटीच्या दादांनी तिचा मेल उघडून सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं, तिथे एक नियम लावून ठेवला होता की फायनान्सकडून आलेला कुठलाही मेल थेट डिलीटच्या फोल्डरमध्ये जावा आणि त्याची एक कॉपी बाहेरच्या पत्त्यावर जावी. ती बिचारी तिथेच रडायला लागली. पासवर्ड बदलल्यावर असे नियम आपोआप जात नाहीत, ते तसेच राहतात. म्हणजे नंतरही तिचे मेल तिकडे जातच होते.

म्हणून ज्यांनी असल्या पानावर लॉगिन टाकलंय त्यांनी नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि रूल्स बघा, अनोळखी दिसलं तर फोटो काढा आणि मग उडवा. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा कारण जो आत बसलाय तो काही वेळा पासवर्ड बदलूनही आत राहतो. कोडसाठी कोणाचा वेगळा फोन नंबर जोडलेला नाही ना ते बघा. पोर्टलवर बँकेची माहिती, पत्ता, फोन, सगळं तपासा. तोच पासवर्ड अजून कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. आणि युनिव्हर्सिटीत पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय, चालत असेल तर चालू करून घ्या, ती फक्त खऱ्या साइटच्या नावाला बांधलेली असते त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही, तुम्ही थकलेले असा नाहीतर घाईत असा. बँकेला मात्र सगळ्यात आधी फोन, बाकी सगळं नंतर. कार्डाने भरलं असेल तर तक्रार करून पैसे परत मिळायची थोडी तरी वाट असते, आपण स्वतःहून थेट ट्रान्सफर केलेले पैसे परत मिळणं खूप अवघड, ते पुढे काढून घ्यायच्या आत खातं गोठवलं तरच.

पोलिसांनी सांगितलं की आमचे पैसे ज्या खात्यात गेले ते एका विद्यार्थ्याचंच निघालं, दुसऱ्या कॉलेजातला मुलगा. त्याला कोणीतरी सांगितलेलं की तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठव, पार्ट टाइम काम आहे. आता नाव त्याचं आलंय. असलं काम कोणी देऊ केलं तर लांब राहा, खातं तुमचं तर गुन्हाही तुमच्यावर येतो.

आमचा ग्रुप एका रात्रीत गायब झाला, ताईंचा नंबर बंद. ऑफिसने आता गेटवर आणि लाँड्रीत पाटी लावलीय की हॉस्टेलची कुठलीही सेवा व्हॉट्सॲपवरून विकली जात नाही, आणि पैसे फक्त पोर्टलवरच भरायचे. ही पाटी खोल्या द्यायच्या आधीच्या मेलमध्ये गेली असती तर आमच्यातल्या बऱ्याचजणी वाचल्या असत्या आणि हे मी ऑफिसला लेखी दिलंय. तुमच्यात कोणी हॉस्टेल कमिटीवर असेल तर तुमच्याकडेही हे करून घ्या, पहिल्या मेलमध्येच कुठली सेवा फुकट आहे आणि कशाला किती लागतात ते स्पष्ट लिहायला लावा.

आणि अजून एक, कारण हे कालच झालंय. मला एका वकिलाच्या नावाने फोन आला, तुमचे गेलेले पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा की खात्यात जमा करतो. माझं नाव, हॉस्टेल, गेलेली रक्कम, सगळं त्याला माहीत होतं. ज्यांना एकदा लुटलंय त्यांची यादीच या लोकांकडे असते आणि तीच लोकं किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले दुसरे परत फोन करतात. पैसे परत देण्यासाठी पोलीस किंवा बँक आधी फी मागत नाहीत. मी फोन ठेवला, नंबर तक्रारीत जोडला. ज्यांचे त्या ग्रुपवर पैसे गेलेत त्यांनाही हा फोन येणार आहे, तेव्हा ओळखीच्या सगळ्याजणींना आजच सांगा.