क्यूजीआयएस आठ महिने वापरून: नावांची गर्दी आवरताना

लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग असा पवन मावळचा, भिंतीवर लावता येईल असा मराठी नकाशा हवा होता. मनासारखा मिळेना, म्हणून क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००२ पासून घडत आलंय. माझ्याकडे ३.३४ आवृत्ती, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. आठ महिने झाले, आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

माहिती गोळा करणं सोपं गेलं. क्विकओएसएम हे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी पुरवणी) ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून गावं, वाटा, नद्या आणून देतं. मराठी नावाचा रकाना वेगळा असतो आणि बऱ्याच वाड्यांचा तो रिकामाच. मराठी असेल तर ते, नाहीतर मूळ नाव, असं एका ओळीचं सूत्र लिहिलं आणि रिकाम्या जागा हाताने भरल्या.

खरी झटापट नावं बसवताना झाली. लोहगड आणि विसापूर यांच्या मधोमध गायमुख खिंड. शेजारी लोहगडवाडी, एका टोकाला लोहगडाची लांब सोंड विंचूकाटा, खाली भाजे लेणी, त्यात दर २० मीटर उंचीला एक अशा समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषा. पहिल्या दिवशी पडद्यावर नुसती खिचडी झाली होती. आधी रेषांवरचे आकडे काढले, फक्त दर १०० मीटरच्या रेषेवर ठेवले. रेषांचा रंग इतका फिका केला की लांबून दिसू नयेत. किल्ल्यांच्या नावांना प्राधान्य सर्वात जास्त, वाड्यांना कमी. जागा न मिळालेली नावं लाल रंगात दाखवणारं एक बटण आहे. नवीन माणसाने पहिल्यांदा तेच शोधावं, नाहीतर कोणती नावं गुपचूप गळली ते कळतच नाही.

देवनागरीचे लाड मात्र आपणच पुरवायचे. ‘गायमुख खिंड’ दोन ओळींत तोडलं तर वरच्या ‘मु’चा उकार खालच्या ‘खिं’च्या अनुस्वारावर जाऊन बसला. ओळींमधलं अंतर वाढवल्यावर सुटला. डोंगररांगेचं नाव ऐसपैस पसरावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवायला जाल तर शिरोरेषा तुटते. इंग्रजी नकाशांची ही युक्ती आपल्या कामाची नाही, त्यापेक्षा अक्षर मोठं आणि फिकं करावं. फॉन्ट मुक्ता घेतला, कारण त्यात बारीक ते ठळक अशा जाड्या भरपूर. नद्यांच्या नावांना वापरतात ते तिरपं अक्षर त्यात नाही, त्यामुळे नद्यांची नावं निळ्या रंगावरच भागवली. अक्षरांभोवतीची पांढरी किनार हिरव्या डोंगरावर बँडेजसारखी दिसते. तिला जमिनीचाच रंग द्या, जाडीही निम्मी करा.

उरलेली नावं हाताने सरकवावी लागतात, आणि इथे मी चांगलीच आपटले. पहिल्यांदा सरकवताना सॉफ्टवेअर ‘ओळखीचा रकाना’ विचारतं. मी बिनदिक्कत नावाचा रकाना दिला. नकाशात ठाकरवाड्या दोन. एकीचं नाव सरकवलं, तर दुसरीचं तिथून उठून त्याच जागी! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की आयडी क्रमांकाचा, म्हणजे प्रत्येक जागेला वेगळा असणारा रकाना द्यायचा असतो. आणखी एक: सरकवण्याआधी पडद्याचं प्रमाण १:२५,००० वर कुलूपबंद करा. मोठं करून सरकवलं की कागदावर नावं भलतीकडे गेलेली दिसतात.

छपाईच्या दुकानात पीडीएफ त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि विंचूकाट्याची वेलांटी गायब. निर्यात करताना अक्षरांचे आकार करून देण्याचा पर्याय असतो, तो निवडला की ही भानगड उरत नाही. ए-२ कागदावर चारही किल्ले आरामात बसले.

तक्रार एकच: डोंगराची छाया चालू ठेवून काम केलं की लॅपटॉप धापा टाकतो. मी ती शेवटीच चालू करते.

नकाशा बघून आमच्या ट्रेकच्या ग्रुपातल्या एका काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, आमच्या मामाची वाडी कुठाय?” ती जागा न मिळालेल्या लाल नावांत होती. पुढच्या प्रतीत तिच्यासाठी एका ओढ्याचं नाव काढलंय.