कारच्या सीट कोटिंगच्या नावाखाली मला ३२,२५० रुपयांना बुडवलं

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की मी शे-दोनशे रुपयांसाठी रडत नाहीये. ३२,२५० रुपये. त्यातले १३,९५० मी माझ्या हाताने त्या कोटिंगवाल्याला दिले, ११,५०० त्याने करून ठेवलेली नासाडी निस्तरण्यात गेले आणि ६,८०० एका साडीचे. साडीचं पुढे येईलच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बुक कीपिंग शिकवते. १९ वर्षं झाली. पावती, बिल, जीएसटी हे शब्द माझ्या तोंडून वर्गात दिवसाला पन्नास वेळा निघतात. म्हणूनच हे लिहायला मला दोन महिने लागले. स्टाफरूममध्ये अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.

झालं असं की २५ मे ला माझ्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागतो त्याच दिवशी. मुलाकडची मंडळी अकोल्याहून येणार, त्यांना स्टेशनवरून आणणं, हॉलवर सोडणं आमच्याच गाडीने. गाडी सहा वर्षांची, माझ्या पगारावर कर्ज काढून घेतलेली, आतून बदामी रंगाची. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये माझ्या वाट्याला उघडं पार्किंग आलंय, त्यामुळे गाडी बारा महिने उन्हात. मागच्या सीटवर लेकीच्या जीन्सचा निळा रंग उतरलेला, हेडरेस्टवर तेलाचे डाग, ड्रायव्हर सीटच्या कडेला काळपट पट्टा. एवढंच. सीट कुठे फाटलेली नव्हती, सुरकुतलेली नव्हती. आज त्या डागांची आठवण येते आणि वाटतं, राहिले असते तर काय बिघडलं असतं?

आमच्या नागपुरात मनीषनगरातून वर्धा रोडकडे जाताना मोकळ्या प्लॉटवर टिनाचं शेड टाकून एकाने दुकान थाटलं होतं. मोठा फ्लेक्स, दोन पोरं, फोम वॉशचं मशीन. मी फक्त साध्या इंटीरियर क्लिनिंगचं विचारायला थांबले होते. त्याने कारचं दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या लेदरचे पोअर्स बंद झाले. आता नाही केलं तर या उन्हाळ्यात क्रॅक जाणार."

इथेच पहिला खोटेपणा होता आणि तो मला कळायला हवा होता. माझ्या गाडीच्या सीट चामड्याच्या नाहीतच. कंपनीच्या पुस्तकात लेदरेट लिहिलंय, म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्याचाच भाऊ. खाली विणलेलं कापड, वर पीव्हीसी किंवा पीयू या प्लास्टिकचा थर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर रंग सांभाळणारा अगदी पातळ पारदर्शक थर. त्याला कसले आलेत पोअर्स, कातडीसारखी बारीक छिद्रं? चामड्यात तेल मुरतं म्हणून चामड्याला कंडिशनर लावतात. प्लास्टिकमध्ये ते मुरत नाही, वरच बसतं आणि धूळ धरतं. तुमच्या सीटला "लेदर कंडिशनिंग" सुचवणाऱ्याला आधी विचारा, बाबा, हे लेदर आहे का? तो हो म्हणाला की गाडी काढा आणि घरी या.

मग त्याने डेमो दिला. अर्धी सीट पुसली, त्यावर काहीतरी फवारलं, फडका फिरवला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळत खाली आले. "पाहा, पाणी टिकूनच नाही राहिलं. नॅनो कोटिंग आहे. तीन वर्षं टेन्शन नाही." तो प्रयोग मला खरा वाटला, कारण डोळ्यांसमोर घडत होता. आता कळतं की सिलिकॉन तेलाचा पातळ हात मारलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाण्याचे असेच मोती होतात. पाणी घरंगळलं यावरून कोटिंग आहे हे सिद्ध होत नाही, फक्त चिकट-तेलकट काहीतरी लावलंय एवढंच सिद्ध होतं.

भाव १२,५०० सांगितला. मी घासाघीस करून १०,००० वर आणला आणि मनात बरंही वाटलं. ४,००० यूपीआयने आगाऊ. मी बिल मागितलं, हे मला ठळकपणे नोंदवायचं आहे. मी बिल मागितलं होतं. तो म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील, १,८००. काहून देता मॅडम? वॉरंटी कार्ड तर देतोच आहे." घरी पाहुण्यांची यादी, हॉलवाल्याचा ॲडव्हान्स, सोनाराकडे अंगठी, सगळीकडे पैसे जात होते. १,८०० वाचले असं मी समजले. यूपीआय करताना स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, वहिनीचं खातं आहे. मी पिन टाकला.

तरी मी म्हणेन की बिल आणि नाव या गोष्टींत कुणीही फसू शकतं. ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही तो पुढचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काम पाहायला गेले. डोक्याला दुपट्टा बांधून, ४५ अंशांच्या उन्हात, मुद्दाम. पोरगा मागची सीट घासत होता. शेडमध्ये नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास भरला होता. पांढरा कॅन, त्यावर लेबल नाही. पोराने मला फडका उलगडून दाखवला, "पाहा मॅडम, केवढा मळ निघून राहिला." फडका पांढऱ्या बनियनच्या कापडाचा होता आणि त्यावर हाताच्या पंजाएवढा डाग होता. बदामी. अगदी माझ्या सीटच्या रंगाचा.

मळ काळा असतो. राखाडी असतो. घाम आणि धूळ मिळून होणारा मळ सहसा असा बदामी नसतो. मी तो फडका हातात घेऊन पाहिला, बोटांना तो रंग लागला, मी बोटं माझ्या दुपट्ट्याला पुसली, आणि मी म्हणाले, "बापरे, एवढी घाण होती?" त्या पोराने माझ्या सीटचा रंग थिनरने उतरवून माझ्याच हातात दिला होता आणि मी त्याला शाबासकी देऊन घरी आले. तेव्हा काम थांबवलं असतं तर पुढची सीट तरी वाचली असती. त्याच संध्याकाळी मालकाने मला व्हॉट्सॲपवर त्या फडक्याचा फोटोही पाठवला, अंगठ्याच्या चिन्हासह.

लक्षात ठेवा, फडक्यावर सीटचा रंग दिसला की त्या सेकंदाला काम बंद करायला लावायचं. पैसे गेले तर जाऊ द्या. आणि बिनलेबलच्या कॅनमधलं काहीही गाडीच्या आत शिरू द्यायचं नाही. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल ही प्लास्टिकच्या थराला लावायची वस्तू नाही.

गाडी घ्यायला गेले तेव्हा आत सगळं चमकत होतं. सीट, दरवाजे, डॅशबोर्ड, स्टिअरिंगसुद्धा. मी रोख ६,००० दिले. रोख! त्याचा आज माझ्याकडे कागदाचा चिटोराही नाही. वर त्याने १,४५० ची "बूस्टर" बाटली गळ्यात मारली, दर महिन्याला फवारायची म्हणून. घरी येताना सोमलवाड्याच्या वळणावर स्टिअरिंग हातातून सटकलं. डॅशबोर्डची चमक समोरच्या काचेवर पडून रस्ता पांढरा दिसत होता. नवी गाडी आठवा, शोरूममध्ये सीट आणि डॅशबोर्ड मंद असतात, चकाकत नाहीत. आतून आरशासारखी चमकणारी गाडी स्वच्छ नसते, तेलकट असते. स्टिअरिंगला, गिअरला, पेडलला पॉलिश लावणारा माणूस तुमचा जीव धोक्यात घालतो.

आणि मग २५ मे. गाडी सकाळपासून हॉलबाहेर उन्हात. बंद गाडीत नागपूरच्या मे महिन्यात काय भट्टी होते ते मी सांगायला नको. दुपारी मुलाच्या आत्याबाईंना मी हौसेने पुढे बसवलं. त्यांची मोतिया रंगाची रेशमी साडी. स्टेशनवर त्या उतरल्या तेव्हा साडी सीटला चिकटली होती, सोडवताना चर्र असा आवाज आला, आणि पाठीपासून खाली बदामी पट्टे उमटले होते. त्या काही बोलल्या नाहीत. "असू द्या हो, धुतलं की जाईल," म्हणाल्या. ते गेलं नाही. ६,८०० ची साडी घेऊन मी आणि माझे यजमान अकोल्याला गेलो. लेकीच्या सासरी माझी पहिली भेट ही अशी.

मी त्या दुकानात गेले तेव्हा भांडायलाच गेले होते. त्याने हात जोडले, म्हणाला, उष्णतेने कोटिंग सेट झालं नाही, रिकोटिंग करावं लागेल, मटेरियलचे फक्त २,५०० द्या. मी दिले. मी का दिले याचं माझ्याकडे उत्तर एकच आहे: आधीचे ११,४५० वाया गेले हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. आठ दिवसांनी परत गेले तर शेडमध्ये फक्त फ्लेक्सची चौकट. फोन बंद. प्लॉटमालक म्हणाला, तोंडी भाड्याने दिलं होतं. सोनेरी वॉरंटी कार्डावर "३ वर्षे" एवढंच ठसठशीत, पत्त्यात पिनकोडही नाही.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठाण्यात सांगितलं, ती जागा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, ती त्यांच्याच हद्दीत आहे. पुन्हा पहिल्या ठाण्यात, दीड तास बाकावर. कूलर साहेबांच्या खोलीत, बाकावर आम्ही. शेवटी एकाने माझ्याकडे न पाहता विचारलं, "मॅडम, सीट खराब झाली म्हणून कुणाला आत टाकायचं का? दिवाणी मामला आहे." सीट खराब झाली नाही हो, एका माणसाने नसलेली वस्तू विकून पैसे घेतले आणि दुकान उचलून पळाला! याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी म्हणाले तर उत्तर आलं, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी शिक्षिका आहे, वाचता येतं. साधा अर्ज घेतला, पोच द्यायला तीन फेऱ्या. बँकेत त्या यूपीआय खात्याबद्दल विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकला ना? गुमास्ता परवान्याची, म्हणजे दुकानाच्या नोंदणीची चौकशी करायला गेले तिथे एका खिडकीने दुसरी, दुसरीने पुन्हा पहिली दाखवली. शेवटी कळलं की कामगार थोडेच असले तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते, आणि याने तीही दिली होती की नाही हे शोधून द्यायला कुणी तयार नाही. म्हणजे कुणीही प्लॉटवर चार टिनं टाकायची, महिनाभर लोकांच्या गाड्या खराब करायच्या आणि उठून जायचं. कर भरणाऱ्याने, रांगेत उभं राहणाऱ्यानेच प्रत्येक ठिकाणी स्वतःची ओळख पटवायची. त्याला कुणी काही विचारत नाही. माझ्या उन्हाळी सुट्टीचे ११ दिवस यात गेले.

कामठी रोडला सीट कव्हर शिवणारे एक काका आहेत, माणूस भला. त्यांनी नखाने सीट दाबली, ओल्या कपड्याने घासली, वास घेतला. म्हणाले, "ताई, वरचं कातडं सोललं याचं. आता याच्यावर काही लावलं तरी राहत नाही." पाचही जणांच्या सीट नव्याने चढवायचे ११,५००. काम घेण्याआधी त्यांनी पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी आहे का ते पाहिलं. सीटमध्ये एअरबॅग असेल तर त्या बाजूची शिवण वेगळी असते, भलतं कव्हर चढवलं तर ती वेळेला उघडत नाही. असं स्वतःहून पाहणाऱ्याकडेच काम द्या. त्यांनीच सांगितलं की रेक्झिनला लागतं काय: आधी व्हॅक्यूम, कोमट पाण्यात थोडासा सौम्य साबण, मऊ ब्रश, मायक्रोफायबर, आणि लगेच कोरडं पुसणं. छिद्रांच्या सीटवर पाणी ओतायचं नाही, खाली फोममध्ये मुरतं. जीन्सचा निळा रंग ताजा असतानाच पुसायचा. काहीही नवीन लावायचं तर आधी सीटच्या मागे, दिसणार नाही तिथे. ऊन हाच खरा शत्रू, उष्णतेने पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो आणि मग ते तडकतं, तेव्हा काचेला सनशेड लावा. सनशेड मी ३५० ला आणलं.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, एवढं तरी बरं आहे. वकील केला नाही. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नाही, नोटीस "पत्त्यावर नाही" म्हणून परत आली, ते पाकीट न फोडता जपून ठेवलंय. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वॉरंटी कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, काकांचं पक्कं बिल, आणि त्याने स्वतःच पाठवलेला फडक्याचा फोटो जोडला आहे. झेरॉक्सवाल्याने तो ब्लॅक अँड व्हाइट काढला होता. मी परत पाठवून दहा रुपये जास्तीचे देऊन रंगीत काढून घेतला. तो डाग बदामी दिसलाच पाहिजे.