‘नॉर्मल’ दाखवणाऱ्या यंत्रापायी गेलेले सहा तास

डिसेंबरमध्ये आमच्या वाईत ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘मोफत हृदय तपासणी शिबिर’ भरले होते आणि शेजारच्या चार घरांबरोबर आम्ही दोघेही तिथे गेलो. यजमान ६६ वर्षांचे असून बारा वर्षांपासून मधुमेही आहेत, त्यामुळे हृदय हा शब्द आमच्या घरात जरा भीतीनेच उच्चारला जातो. पांढरे अॅप्रन घातलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या दोन तरुणांनी रक्तदाब मोजला आणि मग काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक यंत्र पुढे केले. “काकू, रात्री-अपरात्री काकांच्या छातीत दुखलं तर कुठे धावाधाव करणार? दोन्ही अंगठे तीस सेकंद ठेवायचे, बारा लीडचा ईसीजी मोबाइलवर. ॲटॅक आहे की गॅस, लगेच कळतं,” असे त्यातला एक म्हणाला. यंत्राचे ११,८०० आणि ‘तज्ज्ञांकडून अहवाल तपासणी’चे वर्षाचे ३,६०० रुपये मी तिथेच मोबाइलवरून भरले. ते दोघे डॉक्टर आहेत का, हे विचारावे असे माझ्या मनातही आले नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना ‘प्रश्न विचारा’ सांगणाऱ्या बाईने हे लिहावे, याची लाज वाटते.

जानेवारीतल्या एका रात्री दीडच्या सुमारास यजमान उठून बसले. छातीत कळ अशी नव्हती. पोटाच्या वरच्या भागात दडपल्यासारखे होत होते, जबडा दुखत होता आणि थंडीतही बनियन घामाने भिजला होता. मी यंत्र काढले. तीस सेकंदांनी हिरवी बरोबरची खूण आली : ‘नॉर्मल, ठोके ७४’. पुन्हा लावले, पुन्हा तेच. पुण्याला मुलीला फोन केला तेव्हा तिने आधी दवाखान्यात जायलाच सांगितले होते, पण मी तिला तो अहवाल पाठवला आणि मग तीही निवळली. पित्त असेल असे ठरवून मी ओवा आणि काळे मीठ दिले. पहाटेपर्यंत आणखी तीनदा यंत्र लावले आणि प्रत्येक वेळी आमचा धीर वाढत गेला. साडेसातला त्यांना उलटी होऊन भोवळ आली, तेव्हा कुठे आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो.

गावातल्या डॉक्टरांनी हातापायांना चार आणि छातीवर सहा असे दहा इलेक्ट्रोड लावून ईसीजी काढला आणि पट्टी पाहताच रुग्णवाहिका बोलावली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. साताऱ्याला हृदयाला रक्त पुरवणारी उजवी रोहिणी उघडून स्टेंट बसवला. यजमान वाचले, मात्र हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता, जी निरोगी माणसात साधारण ५५ टक्के किंवा त्याहून अधिक असते, ती आता ४० वर आहे आणि आमच्या घराचा जिना त्यांना दोनदा थांबून चढावा लागतो.

तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला कागदावर आकृती काढून समजावले की दोन हातांच्या बोटांमधून मिळते ती फक्त एक लीड, म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकच दिशा. खालच्या भिंतीकडे पाहणाऱ्या लीडसाठी डाव्या पायाला इलेक्ट्रोड लागतोच, म्हणून अंगठ्यांचे यंत्र, अगदी अस्सल असले तरी, त्या भिंतीकडे बघतच नाही. अशा अस्सल यंत्रांचा उपयोग आहे, पण तो अनियमित ठोके पकडण्यासाठी; छातीत धडधड होते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते, अशा रुग्णाला त्याची पट्टी कामी येते. झटका ओळखता येत नाही, हे चांगल्या कंपन्या स्वतःच आपल्या पुस्तिकेत लिहितात. इतकेच काय, दवाखान्यातला बारा लीडचा पहिला ईसीजीसुद्धा कधी कधी साधा येतो, म्हणूनच डॉक्टर तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन, तपासतात. मधुमेह्यांना तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

आमचे यंत्र मात्र अस्सलही नव्हते. मुलीने त्या रात्रीचे दोन अहवाल आणि डिसेंबरात गंमत म्हणून काढलेला माझा एक अहवाल छापून आणला आणि तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. तिन्ही रेघा तंतोतंत एकमेकींवर बसल्या, शिखरावर शिखर. मग तिने स्वयंपाकघरातली ओली फडकी यंत्राच्या दोन्ही बटणांवर दाबली. तीस सेकंदांनी फडक्याचेही हृदय नॉर्मल निघाले, ठोके ७४. करोनाच्या काळात पेनालाही ऑक्सिजनची पातळी दाखवणारे ऑक्सिमीटर विकले गेले होते, त्याच जातीची ही वस्तू. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या इंग्रजी अक्षरांत, ‘वैद्यकीय निदानासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ होती. मराठी पत्रकात तिचा मागमूस नव्हता.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार अशा यंत्राला परवाना लागतो आणि उत्पादकाचा किंवा आयातदाराचा परवाना क्रमांक लेबलवर छापावा लागतो. आमच्या खोक्यावर नुसते हृदयाचे चित्र होते. पावतीवर जीएसटी क्रमांकही नव्हता, पण पैसे भरायच्या घाईत मी ती उलटून पाहिलीच नाही. पैसे ऑनलाइन गेले असल्याने सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनच्या १९३० वर आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणून तीही केली आहे. खोके, पुस्तिका, पत्रक, पैसे भरल्याचा संदेश आणि ते तीन कागद मी एका पिशवीत बांधून ठेवले आहेत. ज्यांनी त्या दिवशी यंत्र घेतले त्यांनीही काहीच फेकून देऊ नये आणि आधी फडक्याची परीक्षा घरी करून पाहावी.

पावतीवरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस मागच्या आठवड्यात परत आली. त्या गाळ्यात आता फरसाणाचे गोदाम आहे.