सपाट ड्रॉइंग की ॲक्सोनोमेट्रिक? भिंतीमागच्या जमिनीचा प्रश्न

शीटवर इमारतीचं मोठं ड्रॉइंग एकच बसणार आहे, आणि ते प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशनच्या (वरून, कापून, समोरून सपाट बघितलेल्या) घराण्यातलं घ्यावं की ॲक्सोनोमेट्रिक (तिरकं बघून लांबी-रुंदी-उंची एकत्र दाखवणारं, थोडक्यात ॲक्सो), इथे ज्यांचं घोडं अडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्ही प्रकार मी बराच काळ वापरले आहेत. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दिसणारं चित्र, मुद्दाम बाहेर ठेवलंय. त्यावर मोजपट्टी लावता येत नाही, त्यामुळे तो वादच वेगळा.

आधी ॲक्सोबद्दल चांगलं बोलून घेतो, कारण बोलण्यासारखं खूप आहे. सुटे भाग एकमेकांत कसे बसतात हे सांगायचं असेल तर त्याला तोड नाही. केंब्रिजच्या विल्यम फॅरिशने 1822 मध्ये आयसोमेट्रिकची, म्हणजे तिन्ही दिशांची मापं सारख्याच प्रमाणात दाखवणाऱ्या ॲक्सोची, पद्धत मांडली तीही याच गरजेपोटी. व्याख्यानात दाखवायची यंत्रांची मॉडेल्स सुट्या भागांतून जोडावी लागत, आणि ती कशी जोडायची हे मदतनिसांना चित्रावरून कळायला हवं होतं. लाकडी सांधा, खिडकीची चौकट, छपराचे थर अशा गोष्टींचं उलगडलेलं आयसोमेट्रिक समोर ठेवलं की कारागीर प्रश्न विचारत नाही. इथे सपाट ड्रॉइंगचा हट्ट धरण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरं म्हणजे त्याचा डौल. 1923 च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनासाठी डच कलाकार व्हान डूसबर्ग आणि वास्तुकार व्हान एस्टरेन यांनी केलेली ॲक्सो पाहिलीत तर रंगीत पृष्ठं हवेत तरंगतायत असं वाटतं. जमीन नाही, क्षितिज नाही, बघणारा कुठे उभा आहे तेही कळत नाही. घर म्हणजे भिंतींची पेटी नव्हे हा विचार प्लॅनमधून इतक्या सहज पोचला नसता.

आता मला खटकणारी गोष्ट. ती एकच आहे, पण माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. ॲक्सोत पुढची भिंत मागची जमीन खाते.

किती खाते याचा हिशोब सोपा आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी करून बघावा. आयसोमेट्रिकमध्ये तीन मीटर उंच भिंत आपल्यामागची बरोबर तीन मीटर जमीन झाकते. जितकी उंची तितकी जमीन. प्लॅन 45 अंशांत फिरवून वर सरळ उभ्या रेघा काढल्या, म्हणजे प्लॅन ऑब्लिक केलं, तर साधारण 2.1 मीटर. 30-60 च्या कोनात फिरवलं तर एका भिंतीमागे 2.6 आणि दुसरीमागे 1.5. आता खोली साडेतीन मीटरची असेल तर उरलं काय? मागच्या कोपऱ्यातली चिंचोळी पट्टी. खोली दाखवायला बसलो आणि खोलीच दिसत नाही.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. छप्पर उचला, पुढच्या दोन भिंती कंबरेपर्यंत कापा, उभ्या मापाला दोन-तृतीयांशावर आणा, भिंती पारदर्शक करा, मजले वर वर उचलून वेगळे दाखवा. यातला प्रत्येक उपाय मी केला आहे आणि प्रत्येक वेळी तीच खुटखुट राहिली. उंची दाखवायला म्हणून जे ड्रॉइंग घेतलं, त्यातली उंचीच कापत बसायची! शिवाय ज्या दोन भिंती कापल्या त्या शेवटपर्यंत कापलेल्याच राहतात. रोज डोळ्यांसमोर उरलेल्या दोन. हळूहळू खिडक्यांचा विचार त्या दोन भिंतींवर जास्त होतो आणि कापलेल्यांवर उरकला जातो. हे मोजून सिद्ध करता येणार नाही, पण कामात मला ते वारंवार जाणवलं आहे. स्क्रीनवर मॉडेल फिरवता येतं हे मान्य, पण शीटवर शेवटी एकच कोपरा जातो.

फ्रेंच अभ्यासक ओग्यूस्त श्वाझीने 1899 च्या आपल्या वास्तुकलेच्या इतिहासात यातून फार हुशारीने वाट काढली. त्याने इमारत खालून बघितली. तळाशी कापलेला प्लॅन खरा, त्यावरून वर चढत जाणारे खांब आणि आतून दिसणारे घुमट. प्लॅन, सेक्शन आणि आतली बाजू एकाच चित्रात. घुमट-कमानींच्या इमारतींसाठी हे अप्रतिमच. पण त्यात जमीन संपूर्ण जाते, आणि जमीनच महत्त्वाची असलेल्या घरांना, म्हणजे पायऱ्या, ओटे, पातळ्यांचे फरक असलेल्यांना, त्याचा उपयोग नाही.

सपाट ड्रॉइंगवरचा नेहमीचा आक्षेप असा की त्यात खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, कळत नाही. एलिव्हेशनमध्ये वीतभर मागे असलेली भिंत आणि चार मीटर मागे असलेली भिंत सारखीच रेघ होऊन बसतात. आक्षेप खरा आहे. रेषेची जाडी कमी-जास्त करून थोडं साधतं, फार नाही. दुसरी अडचण म्हणजे ही ड्रॉइंग्ज एकमेकांशी जुळती ठेवावी लागतात. खिडकी प्लॅनमध्ये सरकते आणि एलिव्हेशनमध्ये जुन्याच जागी राहते, हे कोणाच्या ऑफिसात होत नाही? आणि सेक्शन वाचता न येणारा माणूस समोर असेल तर आपण कितीही समजावलं तरी तो मान डोलावतो, इतकंच.

तरीही खोलीच्या आक्षेपाला जुनं उत्तर आहे, सावली. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत विद्यार्थ्यांकडून शाईच्या हलक्या थरांनी ज्या सावल्या घोटून घेत, त्यामागे संकेत एकच होता. उजेड डावीकडून वरून, घनाच्या कर्णाच्या दिशेने येतो, त्यामुळे प्लॅनमध्येही किरण 45 अंशांत दिसतो आणि एलिव्हेशनमध्येही. छज्जा 60 सेंटिमीटर पुढे असेल तर भिंतीवर सावली 60 सेंटिमीटर उतरते. खिडकी 20 सेंटिमीटर आत असेल तर काचेवर 20 सेंटिमीटरची पट्टी. म्हणजे सावलीला मोजपट्टी लावा आणि खोली वाचा.

मला यात खरी गंमत वाटते ती पुढची. घनाच्या कर्णाचा जमिनीशी कोन 35 अंश 16 मिनिटं, आणि आयसोमेट्रिकमध्ये नजर वरून उतरते तीही नेमक्या याच कोनातून. या संकेतातला सूर्य इमारतीकडे आयसोमेट्रिक नजरेने बघत असतो म्हणा ना. त्याला जे दिसत नाही ते सावलीत जातं. आयसोमेट्रिकला जे दिसत नाही ते नाहीसं होतं. तीन मीटरच्या भिंतीची सावलीही जमिनीवर तीन मीटरच पसरते, तोच हिशोब. फरक एवढाच की सपाट प्लॅनमध्ये त्या तीन मीटरवर फिकट करडा रंग चढतो आणि त्याखालची फरशी, पायरी, दाराची उघडझाप सगळं वाचता येतं. ॲक्सोत तिथे भिंतीची पाठ असते. माझं पारडं झुकलं ते इथेच.

दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. प्लॅन न फिरवता सरळ ठेवायचा आणि उंच्या त्याच दिशेने वर ओढायच्या. प्लॅन खरा, एलिव्हेशनही खरं, एकावर एक चिकटलेली. बाजूच्या भिंती मात्र नुसत्या रेघा होतात. अमेरिकन वास्तुकार जॉन हेजडकला 1960च्या दशकातल्या आपल्या ‘डायमंड’ घरांत याच्या जवळचं काहीतरी सापडलं होतं. फिरवलेला चौकोन आयसोमेट्रिकमध्ये काढला की मजले एकमेकांवर सपाट बसल्यासारखे दिसतात, खोली विरून जाते. दिसायला फार देखणं, पण वाचायला वेळ लागतो. बहुतेक थ्रीडी सॉफ्टवेअर एका बटणावर आयसोमेट्रिक देतं. हा मधला प्रकार किंवा प्लॅन ऑब्लिक हवं असेल तर मॉडेल तिरकं ओढण्याची खटपट करावी लागते.

तेव्हा ठरवताना असं बघा. तुमचं काम जोडणीचं, थरांचं, सुट्या पृष्ठांचं असेल तर ॲक्सो घ्या, निःशंक घ्या. एकमेकांत उघडणाऱ्या खोल्या, अंगण, जमिनीच्या पातळ्या असं काही असेल तर मी तरी सावली घातलेला प्लॅन मोठा काढेन आणि शेजारी तसाच एक सेक्शन. आणि एवढं वाचूनही ॲक्सोच घेणार असाल तर चौकोनी प्लॅन 45 अंशांत फिरवू नका. पुढचा आणि मागचा कोपरा एकाच उभ्या रेषेत येतात आणि कोणती रेघ कोणाची ते कळेनासं होतं. 30-60 घ्या, उंची पूर्ण ठेवा, आणि ज्या बाजूला भिंत कमीत कमी जमीन झाकते त्या बाजूला सगळ्यात अरुंद खोली येईल असं फिरवा.