गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात क्लाउड ईआरपी: पावसाळ्यासकट दहा महिने वापरल्यावर

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, बिलं असा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. क्लाउडवरचं ईआरपी दूरच्या सर्व्हरवरून, इंटरनेटमार्फत चालतं. ‘क्लाउडवर गेलात की काम थांबत नाही,’ असं विकणारे सांगतात. सर्व्हरपुरतं ते खरं निघालं. काम अडतं ते कारखान्यापासून क्लाउडपर्यंतच्या वाटेत, आणि जून ते सप्टेंबर ही वाट माडांखालून जाते.

दोन कंपन्यांचं फायबर इंटरनेट घेतलं तरी शेवटच्या टप्प्यात दोन्ही केबल एकाच खांबावरून येतात. एक झावळी पडली की दोन्ही गुल. म्हणून दुसरी लिंक फाइव्ह-जीची हवी. राउटरची सेटिंगही बदला. तो नुसत्या पुरवठादाराच्या गेटवेला (त्यांच्या जाळ्याच्या पहिल्या नाक्याला) पिंग करत, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवत असेल तर पुढची लाइन तुटलेली त्याला कळतच नाही. बाहेरचे दोन पत्ते तपासायला लावा: दर ५ सेकंदांनी, सलग ३ पिंग चुकले की लिंक बदल. मूळ लिंकवर परतण्याआधी १० मिनिटं थांबवा, नाहीतर ये-जा चालू राहते आणि दर वेळी व्हीपीएन (क्लाउडशी जोडणारा सुरक्षित मार्ग) तुटून अर्धवट बिलं मागे राहतात.

नेट गेलं की सगळ्यात आधी बोंब उठते ती कारखान्याच्या गेटवर. घाटापलीकडे जाणारा ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय (जीएसटीखालच्या ऑनलाइन वाहतूक परवान्याशिवाय) हलत नाही. हे बिल एसएमएसवरूनही निघतं, मात्र मोबाइल क्रमांक पोर्टलवर आधी नोंदवलेला लागतो. गोदामातले स्कॅनर ऑफलाइन चालतात, पण त्यांची घड्याळं जुळलेली नसली तर माल आत येण्याआधीच बाहेर गेल्याची नोंद पडते.

बॅकअपबद्दल मात्र गाफील राहू नका. २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण नेमकी तिथे वीज गेली होती. (वीज गेल्याचं इतकं भलं क्वचितच होत असेल!) एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी ती याचसाठी. रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी करताना, आधी डोमेन (लॉगिनची यंत्रणा) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा), मग डेटाबेस, शेवटी ॲप. उलट केलंत तर लॉगिनच होत नाही. बॅकअपचा पासवर्ड त्याच डोमेनच्या लॉगिनमागे ठेवण्याची चूक हमखास होते. तो कागदावर, सीलबंद पाकिटात, तिजोरीत ठेवा.

रिस्टोअरची चाचणी दर तिमाहीला घ्या, त्यातली एक चतुर्थीच्या आठवड्यात. तेव्हा अर्धं आयटी खातं गावी असतं आणि पाकीट कुठे आहे हे कोणाला ठाऊक आहे ते कळतं.